खाडीत दिवसा नेट ओढली की कोपेपॉड मिळतच नाहीत, असं का?

खाडीकाठ
नमस्कार, मी एमएस्सी झूलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, मालवणजवळ कर्लीच्या खाडीत झूप्लँक्टनवर (पाण्यात तरंगणाऱ्या बारीक प्राण्यांवर) डिसर्टेशन घेतलंय. महिनाभर दर शनिवारी सकाळी दहा-अकराला बाबांच्या होडीतून नेट ओढतोय आणि बाटलीत येतं काय तर गाळ, जेलीचे तुकडे, खेकड्याची पिल्लं आणि अगदी मोजके कोपेपॉड (कोळंबी-खेकड्यांच्या गटातले अगदी बारीक जीव). पेपर वाचावा तर सगळीकडे एकच, झूप्लँक्टनमध्ये सगळ्यात जास्त कोपेपॉड. मग माझ्याच खाडीत काय झालं, प्रदूषण म्हणावं का? नेटची मेश, म्हणजे जाळीची भोकं, २०० मायक्रॉन आहे, फ्लोमीटर (नेटमधून किती पाणी गेलं ते मोजायचं यंत्र) नाहीये.

दुसरं म्हणजे बाबा रोज विचारतात, "ह्ये किडे मोजून तुका काय गावतला?" मला नीट उत्तर देता येत नाही आणि वाईट वाटतं, कारण डिझेल ते घालतायत. कोणी समजावेल का प्लीज.

दोनापावलाचा_जुना
अरे प्रदूषणावर लगेच जाऊ नकोस, आधी घड्याळ बघ. सकाळी अकराला वरच्या पाण्यात थांबणं कोपेपॉडला परवडत नाही, छोटे मासे डोळ्यांनी बघून टिपतात. म्हणून ते दिवसा खाली जातात आणि अंधार पडला की वर चरायला येतात. भर समुद्रात हे जाणं-येणं शेकडो मीटरचं असतं, आणि जीव केवढा तर दोन-तीन मिलिमीटर. तुझ्या खाडीत पाणीच तीन-चार मीटर, तिथे खाली म्हणजे तळाला. स्यूडोडायाप्टोमस म्हणून खाडीतला एक कोपेपॉड आहे तो दिवसा सरळ चिखलाला टेकून बसतो, त्यात मादीच्या पोटाखाली अंड्यांची पिशवी लटकलेली असते त्यामुळे ती माशाला अजूनच ठळक दिसते. तू वरून नेट ओढून गेलास, ते खाली बसलेले. रात्री जा, आणि प्रत्येक वेळी भरती होती की सुकती, उधाण (मोठी भरती) की भांग (लहान भरती) हे वहीत लिहीच, नाहीतर नंतर आकड्यांचा अर्थ लागणार नाही.

आता थोडं लांबचं सांगतो, ह्या विषयावर मला थोडक्यात बोलता येत नाही. १९९०च्या दशकात एनआयओचे (गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे) डॉ. मधुप्रताप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अरबी समुद्रात वेगवेगळ्या ऋतूंत झूप्लँक्टन मोजलं. पावसाळ्यात खालचं खताचं पाणी वर येतं, हिवाळ्यात उत्तरेकडच्या कोरड्या गार वाऱ्याने वरचं पाणी थंड, जड होऊन खाली बसतं आणि तेव्हाही खत वर येतं, त्यामुळे ह्या दोन वेळांना वनस्पती-प्लँक्टन भरपूर. पण मधल्या मार्च ते मे मध्ये पाणी निळंशार, म्हणजे चारा जवळजवळ नाहीच. मग कोपेपॉड घटायला हवेत ना? वरच्या थरात ते जवळपास तेवढेच मिळाले! १९९६मध्ये हे छापून आलं, त्याला अरबी समुद्राचा पॅराडॉक्स म्हणतात. त्यांनी उत्तर असं मांडलं की त्या महिन्यांत बॅक्टेरियांची साखळी चालते, बॅक्टेरियांना एकपेशीय जीव खातात आणि त्या जीवांवर कोपेपॉड तग धरतात. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं.

आणि आपल्या ह्याच समुद्रात साधारण १५० ते १००० मीटरच्या मधे ऑक्सिजन नसल्यासारखाच आहे. बहुतेक प्राणी तिथे टिकत नाहीत पण प्ल्युरोमॅमा इंडिका नावाचा कोपेपॉड दिवसा तिथेच जाऊन लपतो.

बाबांना जवळा दाखवून सांग, हे किडे म्हणजे जवळ्याचे लांबचे भाऊबंद, आणि जवळा पण ह्यांना खातो. एखाद्या ताज्या बांगड्याचं पोट फाडून त्यातलं थोडं मायक्रोस्कोपखाली धर, पाय आणि मिशा ओळखू येतील. बांगड्याच्या कल्ल्यात जो कंगवा असतो तो हेच गाळायला असतो, ते त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

मेश_आणि_फॉर्मॅलिन
वरचं सगळं बरोबर, फक्त फ्लोमीटरशिवाय पुढे जाऊ नकोस, कॉलेजात नसेल तर कुठून तरी उसना आण. ५० सेंटीमीटर तोंडाची नेट १०० मीटर ओढली तर हिशोबाने साधारण १९.६ घनमीटर पाणी गाळलं जातं, पण गाळाने मेश बुजली की त्याच्या निम्मं पण जात नसेल आणि तुला कळणार नाही. शिवाय २०० मायक्रॉनमधून ऑइथोनासारखे बारीक कोपेपॉड निसटतात, नॉप्लियस (कोपेपॉडची अगदी लहान पिल्लं) तर जवळजवळ सगळेच जातात, त्यामुळे जमलं तर एक १०० मायक्रॉनची ओढ. नमुना टिकवायला फॉर्मॅलिन ४-५ टक्के ठेव आणि त्यात बोरॅक्स घाल. ओळखताना आकारावर जाऊ नकोस, पाचवा पाय बघ. अकार्शिया ह्या कोपेपॉडच्या जाती त्याशिवाय वेगळ्या काढता येत नाहीत आणि तो फक्त पूर्ण वाढलेल्यांत नीट दिसतो. आधी सहा नॉप्लियस आणि मग सहा कोपेपोडाइट अशा वाढीच्या अवस्था, त्यातली शेवटची म्हणजे प्रौढ. पिल्लांवर जातीचं नाव चिकटवू नकोस, मी ते केलं होतं आणि अख्खा चॅप्टर परत लिहावा लागला.

बर्गनहून
मी नॉर्वेत असते, लॅबमध्ये कॅलॅनस फिनमार्किकस ह्या कोपेपॉडवर काम करते. बाबांच्या प्रश्नाला इथलं उत्तर देते. हा कॅलॅनस अंगात तेल साठवून थंडीभर खोल जाऊन निपचित पडतो आणि वसंतात वर येतो, त्याच्या पिल्लांवर कॉड माशाची पिल्लं वाढतात. ॲलिस्टर हार्डी यांनी बनवलेलं एक यंत्र १९३१पासून मालवाहू जहाजांच्या मागे बांधून ओढतात, आत रेशमी पट्टी गुंडाळत जाते आणि तिच्यावर प्लँक्टन अडकतं. इतकी वर्षं मोजलं म्हणून तर दिसलं की उत्तर समुद्रात पाणी गरम होताना हा कॅलॅनस कमी होत गेला आणि त्याचा दक्षिणेकडचा भाऊ हेल्गोलँडिकस वाढला. पण हेल्गोलँडिकसची संख्या वर्षात उशिरा शिखराला जाते, कॉडच्या पिल्लांना खायला हवं असतं तेव्हा तो पुरेसा नसतो. पहिली वीस-तीस वर्षं ज्यांनी पट्ट्या मोजल्या त्यांना हे काही दिसलं नव्हतं, तरी ते मोजत राहिले, मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो. कर्लीचे तुझे आकडे नीट, तारीख-वेळेसकट जपून ठेव रे.

शाळामास्तर_सोलापूर
थोडं विषयाबाहेर, नारू रोग पसरवणारा सायक्लॉप्स पण कोपेपॉडच ना? आमच्या लहानपणी पायऱ्यांच्या विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून प्यायला लावायचे.

दोनापावलाचा_जुना
हो मास्तर, गोड्या पाण्यातला कोपेपॉड. नारूची अळी त्याच्या पोटातून माणसात जायची, फडक्याने तोच गाळला जायचा. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला त्यात त्या फडक्याचा मोठा वाटा आहे.

खाडीकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री साडेआठला भरतीला गेलो, बाबा आले होते. बाटली अक्षरशः दाट, टॉर्च मारला तर उड्या मारताना दिसत होते, बाबा बराच वेळ बाटली हातात धरून बघत होते. आज दिवसा तळाजवळून ओढायचा प्रयत्न केला पण नुसता चिखल आला. काय करू?

मेश_आणि_फॉर्मॅलिन
नेटच्या रिंगला खालून दोन लाकडी पट्ट्या बांध, स्लेजसारख्या, म्हणजे तोंड तळापासून वीतभर वर राहील. होडी अगदी हळू, इंजिन बंद करून वल्ह्याने. आणि रात्रीच्या नमुन्यात आजच्या आज बोरॅक्स घातलंस ना?

खाडीकाठ
घातलं. पुढच्या अमावस्येला दिवस-रात्र दोन्ही घेतो, तळाचा आणि वरचा वेगळा. फ्लोमीटर सोमवारी मिळतोय.