तूप वाढलं म्हणून साखर उतरली, की पोट उतरलं म्हणून?

उकडीचा_मोदक (धागाकर्ता)
आमच्या सोसायटीच्या गटात सध्या दोनच पक्ष उरलेत, भाकरीवाले आणि तूपवाले. तूपवाल्यांचं म्हणणं असं, की कर्बोदकं तोडा, तूप-पनीर-अंडी पोटभर खा, टाइप-2 मधुमेह परत फिरतो, 'संशोधनानं सिद्ध झालंय'. माझं भांडण तुपाशी नाही, त्या 'सिद्ध झालंय'शी आहे.

मधुमेह परत फिरवण्याचा सर्वांत भक्कम पुरावा कुठला? ब्रिटनमधली 'डायरेक्ट' चाचणी, 2017 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली. न्यूकॅसलचे रॉय टेलर आणि ग्लासगोचे माइक लीन यांची. 306 रुग्ण. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण 850 कॅलरींचे शेक आणि सूप, मधुमेहाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी बंद. वर्षाअखेर त्यातले 46 टक्के लोक औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत 4 टक्के. ज्यांचं वजन 15 किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात तर 86 टक्के.

आता गंमत बघा. त्या शेकमधली 59 टक्के ऊर्जा कर्बोदकांतून होती, स्निग्धांतून फक्त 13! तूपवाल्यांच्या हिशेबानं हे विषच की. तरी साखर उतरली. टेलर यांचं म्हणणं असं, की यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी निघून जाते, ती काय खाऊन निघाली हा नंतरचा प्रश्न.

अडीच_अंडी
850 कॅलरींवर तीन महिने काढून दाखवा, मग बोलू.

माझी गोष्ट सांगतो. वय 46, तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 8.9 टक्के, मधुमेहाची रेषा 6.5. पोळी, भात, बटाटा, साबुदाणा बंद केला. अंडी, मासे, पालेभाज्या, पनीर, शेंगदाणे. एकही कॅलरी मोजली नाही, पोट भरलं की उठायचं. पाच महिन्यांत 6.1. आणि हे माझ्यापुरतं नाही. 2021 साली 'बीएमजे' या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात 23 चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण आलं होतं. सहा महिन्यांनी कमी कर्बोदकं खाणाऱ्यांपैकी 57 टक्क्यांची सरासरी साखर 6.5 च्या खाली, इतर आहारवाल्यांपैकी 31 टक्क्यांची. याला पुरावा नाही तर काय म्हणायचं?

उकडीचा_मोदक
@अडीच_अंडी, 6.1 बद्दल आधी अभिनंदन, मनापासून. पण त्याच लेखाचा पुढचा भाग तुम्ही गाळलात. बारा महिन्यांपर्यंत फायदा ओसरत जातो. आणि 'औषध न घेता 6.5 च्या खाली' अशी अट घातली, की दोन गटांतला फरक इतका कमी होतो की तो खात्रीनं फरक म्हणता येत नाही.

वजन किती उतरलं तेही सांगा ना.

अडीच_अंडी
11 किलो.

उकडीचा_मोदक
मग मी वेगळं काय म्हणतोय?

अडीच_अंडी
अहो, ते 11 किलो उतरले कशानं? भूक लागली नाही म्हणून! वीस वर्षं 'कमी खा' ऐकतोय, एकदाही जमलं नाही.

कुंपणावरचा
भुकेचा विषय निघालाय म्हणून. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी 20 जणांना आत ठेवून घेतलं आणि दोन-दोन आठवडे दोन प्रकारचं जेवण दिलं. एकदा वनस्पतीजन्य, फार कमी चरबीचं आणि भरपूर कर्बोदकांचं. एकदा मांस-अंडी-लोणीवालं, कीटो, म्हणजे कर्बोदकं अगदी नावापुरती. हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. 2021 साली निकाल आला. कमी चरबीच्या जेवणावर लोकांनी दिवसाला सरासरी 689 कॅलरी कमी खाल्ल्या. म्हणजे 'कर्बोदकांनीच भूक खवळते' हे सरसकट खरं नाही. पण त्याच अभ्यासात जेवणानंतरची साखर आणि इन्शुलिन कीटोवर बरंच कमी होतं. दोन्ही पक्षांना अर्धा-अर्धा लाडू. (आणि ही माणसं मधुमेही नव्हती, हे दोन्ही पक्ष विसरतात.)

पुण्याची_काकडी
15 किलो, 11 किलो काय लावलंय? माझा भाऊ 62 किलोचा, शर्टात दोन माणसं मावतील असा, आणि साखर 240. त्यानं कुठून उतरवायचे 15 किलो?

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा तो फोटो पाहिलाय का? 2004 साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी उभे. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) तंतोतंत 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. आपण बारीक दिसतो, असतो नाही. तेव्हा गोऱ्यांच्या किलोंचा हिशेब इथे लावू नका.

उकडीचा_मोदक
@पुण्याची_काकडी, रास्त मुद्दा. पण टेलर यांनी नंतर जाड नसलेले 20 मधुमेही घेऊनही तेच करून पाहिलं. त्यातल्या 14 जणांचा मधुमेह मागे हटला. वजन फार उतरवावं लागलं नाही, प्रत्येकाची पातळी वेगळी असते इतकंच. 20 जण म्हणजे चिमूटभर, हे कबूल.

तिखटजाळ
एक गोष्ट सगळ्यांनी वाचा, वाद नंतर घाला.

माझ्या मावसभावानं यूट्यूब बघून स्वतःच कीटो सुरू केलं. डॉक्टरांना सांगितलं नाही. गोळी चालू होती डापाग्लिफ्लोझिन, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. दहाव्या दिवशी उलट्या, धाप, अंगात त्राण नाही. घरच्या मीटरवर साखर 170, म्हणून सगळे म्हणाले पित्त असेल. दवाखान्यात रक्त तपासलं तर कीटोॲसिडोसिस, म्हणजे कीटोन साठून रक्त आम्ली झालेलं, चार दिवस आयसीयू. या गटातल्या गोळ्यांवर रक्त आम्ली होताना साखर फारशी चढत नाही, म्हणूनच चकवा बसतो. उपाशी राहणं किंवा कर्बोदकं एकदम तोडणं हे त्याला निमंत्रण. ग्लिमेपिराइड (इन्शुलिन वाढवणारी गोळी) किंवा इन्शुलिनवर असाल तर उलटा धोका, साखर धाडकन खाली. आहार बदलण्याच्या आधी गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जा.

अडीच_अंडी
@तिखटजाळ, यावर दुमत नाही. माझ्या डॉक्टरांनी पहिल्याच आठवड्यात ग्लिमेपिराइड काढली होती, ते वर लिहायला हवं होतं.

चुलीपुढची
सगळे चाचण्यांवर बोलताय, ओट्यापाशी कोणी येत नाही. आमचं घर शाकाहारी. भात-पोळी काढली की ताटात उरतं काय? वरण म्हणाल, तर तूरडाळीतही निम्म्याहून जास्त कर्बोदकंच. रोज पनीर आणायचं तर पगार पनीरवाल्याच्या नावे करावा लागेल. सासूबाईंची साखर वाढली तेव्हा त्यांनी पहिली गोष्ट काय केली? संकष्टीला भात सोडून साबुदाणा. वर म्हणाल्या, हलकं असतं!

कुंपणावरचा
@चुलीपुढची, म्हणून मला आयसीएमआरचा (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा) आकडा जवळचा वाटतो. देशभरातल्या 18,090 लोकांच्या जेवणावरून त्यांनी 2022 साली हिशेब मांडला. मधुमेह मागे हटवायचा तर कर्बोदकं ऊर्जेच्या 49 ते 54 टक्के, प्रथिनं 19-20 टक्के. मात्र हा गणिती अंदाज आहे, चाचणी नव्हे.

अडीच_अंडी
54 टक्के म्हणजे कमी कर्बोदकं? मग माझी आजीही कीटोवर होती.

चुलीपुढची
म्हणजे दोनाच्या जागी एक भाकरी, आणि वर मूठभर मटकी, बरोबर? एवढं सासूबाईंना पटेल. साबुदाण्याचं बघते. चतुर्थी परवावर आलीय.