ग्रिंडेलवाल्ड: एकच दिवस असेल तर

आई-बाबांबरोबर स्वित्झर्लंडच्या ग्रिंडेलवाल्ड गावात एकच दिवस आहे, बाखाल्पझे हे डोंगरातलं तळं करू की मॅनलिशेन हा डोंगर, असं तुम्ही विचारलंय. त्यांचे गुडघे कुरकुरत असतील तर डोळे मिटून मॅनलिशेन घ्या. केबलकारने वर जायचं, मग क्लाइना शायडेग या खिंडीतल्या रेल्वे स्टेशनपर्यंत साधारण साडेचार किलोमीटर, बहुतेक सगळा सौम्य उतार. समोर आयगर शिखर पावलागणिक मोठा होत जातो. वाट दीड तासाची, आम्ही मुद्दाम तीन तास लावले. परतायला रेल्वे आहेच.

बाखाल्पझेला जायचंच असेल तर सकाळच्या पहिल्या केबलकारने ‘फर्स्ट’ नावाचं वरचं ठिकाण गाठा, तिथून तासाभराची चाल. वारा सुटला की पाण्यावर बारीक सुरकुत्या पडतात आणि श्रेकहॉर्न शिखराचं प्रतिबिंब मोडतं. जूनमध्ये वाटेवर बर्फ असू शकतो, निघण्याआधी वेबकॅम बघाच.