वसंतातली अंगणातली, बागेतली मजा – आपापल्या आठवणी लिहा

वळेसर

काल ऑफिसातली एक मैत्रीण गावाहून येताना सुरंगीच्या फुलांचे वळेसर, म्हणजे गजरे, घेऊन आली. डबा उघडला मात्र, अख्ख्या मजल्यावर वास. मला एकदम आमचं परडं दिसायला लागलं, सुरंगीखाली अंथरलेलं आजीचं जुनं लुगडं दिसलं, मग दिवसभर कामात लक्ष म्हणून लागेना. म्हणून हा धागा.

आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ. फेब्रुवारी-मार्च म्हणजे सुरंगीचे दिवस. ज्यांनी झाड पाहिलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते, हिची फुलं फांदीच्या टोकाला नाही येत, जाड फांदीलाच घोसाघोसाने चिकटलेली असतात. कळी उमलायच्या आत काढायची म्हणून उजाडायच्या आधी उठायचं. बाबा झाडावर, आजोबा खालून बॅटरी मारणार, आणि आम्ही चुलत भावंडं लुगड्याची चार टोकं धरून माना वर करून उभी. वरून कळ्या टपटप पडायच्या, काही डोक्यात, काही फ्रॉकच्या गळ्यात. ऊन वर आलं की उरलेली फुलं उमलायची आणि मधमाश्यांचा असा घोंगाट सुरू व्हायचा की मग झाडाखाली कोणी फिरकायचं नाही. मग ओटीवर बसून ओवायचं. बोटं पिवळी, वह्यांवर पिवळे डाग, शाळेत सगळ्या मुलींच्या डोक्यात सुरंगी, बाईंच्याही! शेजारच्या आसोलीची सुरंगी तर आमच्या भागात नावाजलेली, पण मला आमच्या परड्यातलीच जास्त वासाची वाटायची आणि आजही वाटते.

आता आईबाबा दोघंच असतात तिथे. काल रात्री आईला फोन केला, म्हणाली यंदा चांगली फुललीय, शेजारची पोरं येतात काढायला, त्यांना कांदेपोहे करून घालते. किती बरं वाटलं काय सांगू.

तुमच्याकडे काय काय असायचं या दिवसांत? लिहा सगळ्यांनी. मोठंच लिहायला पाहिजे असं काही नाही.

लोकल_लेडीज

मस्त धागा. मी आत्ता उभ्याने टाइप करतेय, घाटकोपर गेलं. सुरंगी मी फक्त गजऱ्यात पाहिलीये. आमच्याकडे मुंबईत वसंत म्हणजे विक्रोळीला हायवेवर गुलाबी टॅबेबुया फुलतो तो. लेकीला क्लासला नेताना मुद्दाम बस घेतो त्या आठवड्यात, रिक्षा नाही, बसच्या खिडकीतून जास्त दिसतं. परवा माझे सासरे पण आले बरोबर, त्यांना कुठेच जायचं नव्हतं, फक्त झाडं बघून त्याच बसने परत आ

उतरते. नंतर लिहिते.

मोहफूल

आमच्याकडे गोंदिया जिल्ह्यात या दिवसांत मोह पडतो. पडतोच म्हणायचं, कारण तोडावा लागत नाही, रात्रभर टपकत राहतो आणि सकाळी झाडाखाली पांढरट पिवळी मऊ फुलं पसरलेली. आधी झाडाखालचा पालापाचोळा झाडून जागा लख्ख करून ठेवायची, नाहीतर वेचता वेचता कंबर मोडते. पहाटे अंधारात निघायचं पण एकट्याने नाही, कारण अस्वलालाही मोह आवडतो. चारपाच घरची माणसं मिळून, हातात टोपल्या, पोरं मध्ये आणि मोठे पुढेमागे. माझी आई वेचताना कधीच गप्प बसायची नाही, जोरजोरात गप्पा मारायची, लहानपणी वाटायचं बोलकी आहे म्हणून, पण तो आवाज अस्वलासाठी असायचा.

ताजं फूल तोंडात टाकलं की गोड पाणी सुटतं. जास्त खाल्लं की गरगरतं, म्हणून आजी मोजून द्यायची. बाकीची अंगणात वाळवायची, वाळून मनुक्यासारखी होतात. भाजलेली फुलं आणि तीळ एकत्र कुटून आई लाडू करते, अजून पाठवते. दारूचं नाव सगळ्यांना माहीत असतं, लाडवाचं कोणाला माहीत नसतं, म्हणून लिहिलं. आणि येताना रस्त्याने दोन्ही बाजूंना पळस पेटलेला. वा.

वळेसर

@मोहफूल किती सुंदर लिहिलंत! अस्वल वाचून काटा आला. लाडवाचं प्रमाण आईंना विचारून टाकाल का?

मोहफूल

विचारतो. ती मुठीने मोजते, वाटीने नाही, बघू.

पणजीचो_भाचो

काजू कोणीच कसे नाही आणले अजून?? आजोळी मार्च-एप्रिलला टेकडीवर बागेत जायचं, पडलेलं बोंड उचलायचं, बी पिळवटून वेगळी करायची, बी टोपलीत आणि बोंड तोंडात. चीक ओठाला लागला तर भाजतं, म्हणून बी कधी दातांनी काढायची नाही हा मामाचा पहिला नियम. दुसरा नियम पांढरा शर्ट घालायचा नाही, बोंडाचा डाग आईच्या हाताने पण जात नाही. दुपारी बिया निखाऱ्यात भाजायच्या, तेल फुटून भडका उडायचा, आम्ही लांब पळायचो आणि परत जवळ यायचो. मग दगडाने फोडून गरम गरम. पिशवीतल्या काजूला ती चव नाही.

मोठी माणसं संध्याकाळी हुर्राक, म्हणजे काजूबोंडांची दारू, घेऊन बसायची, तो याच दोनतीन महिन्यांत मिळतो, लिमका घालून, वर चिरलेली मिरची. आम्हाला नुसता लिमका. तरी आम्ही त्यांच्यात बसलोय याचाच आनंद केवढा!

रत्नांग्री_हापूस

ओल्या काजूची उसळ!!! हाताला खोबरेल लावून बिया सोलायच्या, मग पुढचे चार दिवस बोटांची सालं निघाली तरी चालतील. काल केली. मुलगा म्हणाला आई रोज कर. रोज!! भाव माहितीये का त्याला.

पणजीचो_भाचो

पत्ता द्या, येतो.

रत्नांग्री_हापूस

या की, सोलायला या :)

माईंचं_अंगण

मुलींनो आणि मुलांनो, माझं वय झालंय त्यामुळे टायपायला वेळ लागतो, नातीने व्हॉइस टायपिंग लावून दिलंय तेव्हा चुकलं तर समजून घ्या. आमच्या वाड्यात होळी झाली की वाळवणं सुरू. आज माझ्याकडे, उद्या समोरच्या काकूंकडे, परवा वरच्या मजल्यावर, अशी पाळी असायची आणि प्रत्येकीकडे सगळ्या जणी पोळपाट लाटणं घेऊन हजर. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, रात्रभर सत्त्व खाली बसू द्यायचं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठ्या पातेल्यात चीक शिजवायचा. एक जण ओतणार, एक जण ढवळणार, गुठळी झाली की संपलं. तो गरम चीक, त्यावर कच्चं तेल किंवा दूधसाखर, पोरं ताटल्या घेऊन रांगेत, त्यात आमचे हेसुद्धा, ऑफिसला उशीर झाला तरी चालेल पण चीक खाऊन जाणार. मग गच्चीवर जुन्या धोतरावर कुरडया घालायच्या, आणि पोरांना राखण. राखण म्हणजे कावळे कमी खायचे आणि पोरं जास्त, अर्धवट वाळलेली कुरडई चिवट चिवट लागते ना, ती. आम्ही दोन घाणे त्यांच्या नावाने जास्तच घालायचो.

आता मी एकटीच अर्धा किलोच्या करते. गेल्या वर्षी खालच्या मजल्यावरची नवीन सून आली, म्हणाली माई मला शिकवा, ती बिहारची आहे. तिने चीक खाल्ला आणि तिच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. यंदा तिच्या दोन मैत्रिणीपण येणार आहेत. सोऱ्या काढून घासून ठेवलाय.

चिमणीपाखरं

माई __/\__ तुमचा पत्ता पण द्या, चीक खायला येते.

गॅलरीतला_माळी

सगळ्यांची गावं आणि वाडे आहेत, आमची दहा बाय तीनची गॅलरी. पण तिच्यात मोगरा आहे आणि आज सकाळी पहिली कळी दिसली. बायको ब्रश तोंडात घेऊन बघायला आली, आणि मग मुलगा. तिघं जण एका कळीभोवती. बस, एवढाच अनुभव.

सदाफुली२

काका माझ्या मोगऱ्याला नुसती पानंच येतात, तीन वर्षं झाली. काय करू? सॉरी अवांतर आहे.

गॅलरीतला_माळी

अवांतर कसलं, हेच तर बोलायचंय. ऊन किती मिळतं? चारपाच तास कडक ऊन पाहिजेच, सावलीत नुसता पसरतो. जानेवारी अखेर ते फेब्रुवारीत छाटायचा, जुनी पानं काढून टाकायची, आठवडाभर पाणी अगदी कमी, मग माती उकरून शेणखत आणि मग भरपूर पाणी. कळ्या नव्या फुटीवरच येतात, त्यामुळे छाटायला घाबरू नका. आता या वर्षी उशीर झालाय तरी शेंडे खुडून बघा. आणि फूल वाळलं की त्याच्याखालची दोन पानं धरून कापायचं, परत फुटतो.

सदाफुली२

माझी गॅलरी उत्तरेला आहे :( आईच्या गच्चीत नेऊन ठेवते मग. थँक्यू काका

टेकडीवाला

पुण्यातून. वेताळ टेकडीवर सध्या गणेर फुललाय, झाडाला पान एक नाही आणि तळहाताएवढी पिवळीजर्द फुलं. रविवारी दोन्ही मुलींना घेऊन गेलो, धाकटी चालायला कुरकुर करते म्हणून खेळ काढला, ज्याला आधी नवीन रंगाची पालवी दिसेल त्याला एक खडीसाखर. कुसुंबाची लाल, पिंपळाची तांबूस, करंजाची पोपटी. वर पोचेपर्यंत खडीसाखर संपली. तांबट पक्षी कुठे बसलाय ते मात्र सापडलं नाही, टुक टुक टुक नुसता आवाज, मोठी अर्धा तास मान वर करून. सकाळी सातच्या आत जा, नंतर ऊन फार होतं, पाणी जास्त न्या आणि प्लॅस्टिक परत आणा प्लीज.

डोंगरची_मैना

करवंदं पिकली की परत जा मुलींना घेऊन, मे महिन्यात. आमचा खेळ होता कोंबडा की कोंबडी. समोरच्याला विचारायचं, मग करवंद अर्धं चावून दाखवायचं, आत लालभडक निघालं तर कोंबडा आणि पांढरट निघालं तर कोंबडी. हरला त्याने पुढची जाळी शोधायची. माझे वडील मुद्दाम हरायचे, जाळीतले काटे आम्हाला लागू नयेत म्हणून, हे आमच्या आत्याने सांगितलं खूप वर्षांनी.

टेकडीवाला

हे आमच्या आईला विचारलं तर ती लगेच म्हणाली कोंबडा!! आज घरात हेच चाललंय, द्राक्षं घेऊन.

एडिसनची_काकू

इथे न्यू जर्सीत आत्ता कुठे बर्फ संपला. वसंत आला की अंगावरचा जाड कोट काढून मुलं जी बाहेर पळतात ना, ते बघूनच भरून येतं. नेवार्कच्या ब्रँच ब्रुक पार्कमध्ये चेरीची पाच हजारांवर झाडं आहेत, एप्रिलच्या मध्याला फुलतात, आम्ही चारपाच मराठी कुटुंबं दरवर्षी जातो, भेळ तिथेच कालवायची, कांदा घरून चिरून. पाकळ्या भेळेत पडतात. सासूबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा झाडाखाली बसून म्हणाल्या, आपल्याकडे शिरीषाखाली असा सडा पडतो. मग त्यांनी तिथल्या तिथे त्यांच्या गावच्या शिरीषाची गोष्ट सांगितली, मुलांना ती पाठ आहे आता.

बागेत अजून काही लावता येत नाही, इथले जुने लोक मदर्स डेच्या आधी टोमॅटो बाहेर काढू देत नाहीत, थंडी परत फिरते. कढीपत्ता आणि तुळस मात्र दिवसा थोडा वेळ बाहेर, रात्री आत, नवरा उचलतो कुंड्या. मेथी पेरलीये डब्यात.

न_विसरलेली

मी फक्त वाचत होते पण राहवलं नाही. आई गेल्या पावसाळ्यात गेली. ती चैत्रगौर बसवायची, महिनाभर, अक्षय्य तृतीयेपर्यंत. पितळेच्या छोट्या पाळण्यात गौर, दारात चैत्रांगण, त्यातली तुळस, शंख, कासव, सूर्यचंद्र मी काढायचे आणि नाग मात्र तीच काढायची कारण माझ्या नागाला वळण येत नसे. हळदीकुंकवाला भिजवलेले हरभरे, कलिंगडाच्या फोडी, आंब्याची डाळ, पन्हं. वाड्यातल्या बायका अंगणात सतरंजीवर आणि मोगऱ्याच्या ओंजळी. या वर्षी करू की नको असं चाललंय, घरात कोणी काही बोलत नाही.

माईंचं_अंगण

बाळा, कर. हळदीकुंकू मोठं नको करूस हवं तर. गौर बसव, रांगोळी काढ, दोघीतिघींना बोलाव. नाग कसा का येईना.

एडिसनची_काकू

अगदी. मनापासून मिठी तुला.

डोंगरची_मैना

माझी पण आई नाहीये. पहिलं वर्ष अवघड असतं. डाळ करशील तेव्हा इथे फोटो टाक, आम्ही सगळे येऊ बघायला.

न_विसरलेली

डोळ्यात पाणी आलं. करते. बहिणीला आत्ता मेसेज केला, तीपण येतेय. डाळीचं प्रमाण कोणी सांगाल का, आई अंदाजाने करायची.

रत्नांग्री_हापूस

एक वाटी हरभऱ्याची डाळ चारपाच तास भिजव, पाणी पूर्ण निथळ, मिरच्या घालून भरड वाट, पाणी अजिबात नको. किसलेली कैरी अर्धी वाटी, पण आंबटपणा बघून कमीजास्त कर. मीठ, साखर, ओलं खोबरं, कोथिंबीर. वरून मोहरी, हिंग, हळद, सुक्या मिरच्यांची फोडणी, पण फोडणी गार करून मग घाल.

पणजीचो_भाचो

लसूण?

रत्नांग्री_हापूस

नाही!

लोकल_लेडीज

आमच्याकडे लसूण घालतात हां. आणि परत आले होते तेच अर्धवट राहिलेलं सांगायला, सासरे म्हणतायत या रविवारी परत जाऊया, आता डबा घेऊन. पन्ह्यात गूळ की साखर सांगा तेवढं, थर्मास भरायचाय.

माईंचं_अंगण

गूळ. उकडलेल्या कैरीचा गर असेल त्याच्या दुप्पट, वेलची आणि मीठ चिमूटभर. केशर असलं तर दोन काड्या. आणि थर्मासमध्ये गरच ने, पाणी तिथे घाल, नाहीतर बसमध्ये सांडेल.