थंडीत ऑफिसला सायकलने: सरावात धरायचं का?

कोथरूडकर
मागच्या वर्षी पहिली 200 किलोमीटरची बीआरएम दिली, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राइड. वेळ साडेतेरा तास, मी पोचलो तेरा तास पन्नास मिनिटांनी. बाद. यंदा जानेवारीत पुन्हा नाव घातलंय, पण पोरगी दहावीला, त्यामुळे रविवारच्या लांब राइड बंद. म्हणून नोव्हेंबरपासून कोथरूड ते हिंजवडी सायकलनेच जातोय, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. सकाळी चांदणी चौकाचा चढ, मग सर्व्हिस रोड. मित्र म्हणतो, सिग्नलला थांबत थांबत केलेल्या किलोमीटरना सराव नाही, हमाली म्हणतात. तुमचं काय? थंडीतले अनुभव येऊ द्यात.

संत्रानगरी
काऊन एवढा विचार करून राह्यले भाऊ? चालवा ना. मी तीन हिवाळे हिंगणा एमआयडीसीत जातो. पारा दहाच्या खाली गेला की स्वेटरच्या आत, छातीवर, कालचा पेपर घालतो. वारा आत शिरत नाही, अन् कंपनीत पोचल्यावर शब्दकोडंही सोडवता येते. आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, एकट्याने पूर्ण करून आले, तेव्हा आमच्या कॉलनीत पाच जणांनी सायकली घेतल्या. त्यातल्या तिघांच्या आता कपडे वाळत घालायच्या कामी येतात. रोज ऑफिसला जाणारे आम्ही दोघंच टिकलो.

कृष्णाकाठ
मी नर्स आहे. जयसिंगपूरहून सांगलीला सकाळची पाळी, सातला हजर व्हावं लागतं. म्हणजे सहाच्या आधी अंधारात निघायचं. अंकलीच्या पुलावर कृष्णेचं धुकं इतकं दाट असतं, की भुवयांवर पाणी साचतं आणि दिव्याचा उजेड समोर भिंतीसारखा उभा राहतो.

पण थंडीपेक्षा भीती ऊसाची. गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याच्यावरचं गाणं ऐकू येतं, म्हणून मी कानात कधीच काही घालत नाही. आणि पहिली ट्रॉली पुढे गेली म्हणून उजवीकडे सरकू नका, दुसरी हेलकावे खात येतच असते.

मागच्या डिसेंबरात मोठ्या गाडीने पडले नाही, रस्त्यात गळालेल्या ऊसाच्या कांड्याने पडले. दवाने ओलं होतं, पुढचं चाक त्यावरून घसरलं. डावं मनगट मुरगळलं. त्याच हाताने दिवसभर लोकांचे बीपी घेतले, म्हटलं आता रजा कुठे मागायची. दुसऱ्या दिवसापासून दोन दिवे लावते, एक हँडलला आणि एक डोक्याला. डोक्याचा दिवा कांडं दाखवतो, हँडलचा मला दाखवतो.

सराव वगैरे मनात नव्हता. पण फेब्रुवारीत बहिणीबरोबर जोतिबाच्या डोंगरावर सायकलने गेले, आणि ती ढकलत असताना मी वर जाऊन चहा सांगितला होता.

बर्फातला बंड्या
मिनिआपोलिसहून. इथे जुन्या रेल्वेच्या खंदकातून सायकलमार्ग जातो, मिडटाउन ग्रीनवे, नऊएक किलोमीटर. बर्फ पडला की तोही साफ करतात. टायरला बारीक खिळे असतात, डांबरावर भजी तळल्यासारखा आवाज येतो. एकदा उणे 22 ला मागच्या फ्रीव्हीलमधलं ग्रीस गोठलं. आतल्या कुत्र्या, म्हणजे दात्यांत अडकणारे खटके, पकडच घेईनात, पॅडल नुसतं गरगर फिरतंय आणि सायकल जागेवर! चालत गेलो. तेव्हापासून हिवाळ्यापुरतं आत पातळ तेल. रस्त्यावर मीठ टाकतात, ते चेन खाऊन टाकतं. सराव होतो की नाही ठाऊक नाही, पण उन्हाळ्यात उलट्या वाऱ्याचं काही वाटत नाही.

जुना खडकीकर
1978. भवानी पेठेतून खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. सकाळी भोंग्याच्या आधी पुलावर नुसत्या सायकली. मफलर, डबा, डायनॅमो. डायनॅमो टायरला टेकवला की सायकल जड व्हायची, आणि नाही टेकवला तर चौकातला हवालदार चाकाची हवा सोडायचा. सराव कशाचा म्हणता? पोटाचा.

गिअर आठवा
मित्राचं निम्मं बरोबर आहे. पंधरा-पंधरा किलोमीटरने पाया पक्का होतो, पण सहा तास सीटवर बसायची सवय होत नाही. आणि बीआरएममध्ये तेच लागतं. आठवड्यातून दोनदा येताना लांबून या. सकाळी पहिली दहा मिनिटं हलका गिअर, पाय भरभर फिरवा. गार गुडघ्यांनी जड गिअरवर चांदणी चौक चढू नका. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी राहतं, घड्याळ लावून प्या. आणि तुमची वीस मिनिटं पायांनी खाल्ली की चहाच्या टपऱ्यांनी, ते आधी तपासा.

कोथरूडकर
तपासलं. पाच थांबे, एक तास चाळीस मिनिटं! एका ठिकाणी मिसळ होती, ती सांगायला नको होती.

काल येताना पाषाण, विद्यापीठ, डेक्कन असं फिरून आलो, बावीस किलोमीटर. बायकोने माझ्या जुन्या स्वेटरच्या बाह्या कापून गुडघ्यांसाठी दिल्यात. मरून रंगाच्या आहेत. ऑफिसच्या लिफ्टमध्ये सगळे खालीच बघत होते.