शनिवारची गोष्ट: प्रश्न कसे विचारायचे?

*ए-१०१:* दर शनिवारी गच्चीवर आपण सोसायटीतल्या पोरांना गोष्ट सांगतो, त्याबद्दल एक सुचवते. शेवटी आपण "तात्पर्य काय?" विचारतो, पोरं एका सुरात "खोटं बोलू नये" म्हणतात आणि खेळायला पळतात. ज्याचं एकच उत्तर नाही, असं काही विचारूया का?

*सी-२०२:* म्हणजे कसं? उदाहरण द्या की ओ.

*ए-१०१:* काका, आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांचीच गोष्ट घ्या. लहानगा सिद्धराम शेत राखतोय. मल्लिकार्जुन, म्हणजे शंकर, जंगमाच्या (फिरत्या शिवभक्त साधूच्या) रूपात येतो, हुरडा खातो, मग दहीभात मागतो. पोरगं घरी धावत जाऊन आणतं, तर जंगम गायब! "जंगमाने काय मागितलं?" याला उत्तर एकच. पण "रिकाम्या शेतात त्याला काय वाटलं असेल?", "तू त्याला कुठं शोधलं असतंस?" याला जितकी पोरं तितकी उत्तरं.

*बी-३०३:* आमचा धाकटा म्हणेल, दहीभात मीच खाईन 😄

*ए-१०१:* छानच की! लगेच विचारा, "आणि तेवढ्यात जंगम परत आला तर?"

*सी-२०२:* पण मधे मधे तोडलं की रंगत जाते. आमची आई एकही प्रश्न न विचारता सांगायची, आम्ही हलायचो नाही.

*डी-१०४:* खरंय काका. म्हणून पहिल्यांदा सलगच सांगायची. पोरं तीच गोष्ट पुन्हा मागतातच, प्रश्न तेव्हा. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांवरचा अभ्यास छापला. आईवडील चित्रांचं पुस्तक वाचताना मोकळे प्रश्न विचारायचे, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायचे. महिनाभरात ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढे गेली.
आणि विचारल्यावर थांबा! शिक्षणाच्या संशोधक मेरी बड रो यांनी वर्गांत पाहिलं, शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ३ सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. मी वर्गात मनातल्या मनात एक-दोन-तीन म्हणते.

*बी-२०१:* आमच्या घरात तेलुगू. लेकीला मराठी गोष्ट कळते सगळी, पण स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की तेलुगू येतं तोंडात. मग पोरं बघतात आणि ती गप्प.

*ए-१०१:* वहिनी, तिला तेलुगूतच बोलू द्या. कल्पना तिची आहे, ती अडायला नको. सोलापुरात तेलुगू-कन्नड कुणाच्या कानावर नाही? बाकीच्या पोरांना विचारू, "काय म्हणाली असेल ही?" तीही अंदाज बांधतील.

*बी-२०१:* हे आवडेल तिला 🙏

*सी-२०२:* बरं, ह्या शनिवारी चिमणी-कावळ्याची मी सांगतो. पोरांना पाठ आहे, त्यामुळं प्रश्न चालतील. कावळा भिजत उभा असताना चिमणीनं दार उघडायला एवढा उशीर का लावला, ते विचारतो.

*डी-१०४:* जरूर. फक्त कुणाला "चूक" म्हणू नका काका. "असं का वाटलं तुला?" एवढंच.

*अध्यक्ष:* गच्ची ७ ला उघडतो. सतरंजी सी विंगमध्ये आहे, घेऊन या.