हिमालयन ४५० साठी इंजिन गार्ड निवडताना मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या रॉयल एनफील्ड हिमालयन ४५० मोटारसायकलला इंजिन गार्ड, म्हणजे पडल्यावर इंजिन वाचवणारी पाइपाची चौकट, बसवायचा आहे, पण कोणता बसवावा याचा निर्णय होत नाही. दुकानात विचारले की सर्वांत जाड पाइपाचा गार्ड समोर ठेवला जातो आणि तोच सर्वांत सुरक्षित असे सांगितले जाते. माझी शंका थोडी वेगळी आहे. गाडी आडवी झाल्यावर गार्ड मार झेलतो हे खरे, पण तो मार गार्डातून पुढे जातो कुठे? ज्यांच्या गाड्या गार्डासह प्रत्यक्ष पडल्या आहेत, त्यांच्या अनुभवाची मला म्हणूनच अधिक गरज आहे.

आधी वापराविषयी. मी चिपळूणला राहतो. रोजचा प्रवास डांबरी रस्त्यावरचा असला तरी महिन्यातून काही वेळा कुंभार्ली घाट चढून कराडकडे जाणे होते, आणि सुटीच्या दिवशी वाडी-वस्त्यांकडे जाणाऱ्या जांभ्याच्या कच्च्या वाटा असतात. पावसाळ्यात या वाटांवर लाल चिखलाखाली दगड लपलेला असतो, त्यामुळे मला भीती आहे ती वेगातल्या अपघातापेक्षा चालण्याच्या वेगाने गाडी लोळण्याची. गाडीचे वजन १९६ किलो आहे. एकदा ती एका अंगाला झुकली की पायाने सावरणे माझ्या उंचीच्या माणसाला जमणारे नाही.

या गाडीच्या बाबतीत हा प्रश्न जुन्या हिमालयनपेक्षा अवघड वाटतो, त्याचे कारण रचनेत आहे. २०१६ साली आलेल्या ४११ सीसीच्या गाडीत फ्रेमच्या नळ्या इंजिनाला खालून कवेत घेत होत्या आणि इंजिन हवेवर थंड होणारे होते, सोबतीला ऑइल कूलर. २०२३ च्या नव्या गाडीत ४५२ सीसीचे इंजिन पाण्याने थंड होते, म्हणजे पुढच्या चाकामागे रेडिएटर आला. शिवाय इंजिन हाच फ्रेमचा भार पेलणारा भाग केला आहे. अशा रचनेत गार्डाचे बोल्ट जिथे येतात, त्या जागेला आधीच दुसरे काम असते. गार्ड वाकला तर दुसरा आणता येईल, पण इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या केसिंगचा (बाहेरच्या कवचाचा) बोल्ट धरणारा कान तडकला तर हिशेब कुठच्या कुठे जातो.

माझ्यासमोर तीन पर्याय आहेत: कंपनीच्या अॅक्सेसरीमधला गार्ड, बाहेरच्या उत्पादकाचा रुंद, वरपर्यंत जाणारा गार्ड, किंवा ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेला. फ्रेम स्लायडरही सुचवले गेले, परंतु एकाच लांब बोल्टावर बाहेर आलेली नायलॉनची ती गोटी गुळगुळीत डांबरावर घसरण्यासाठी ठीक असावी. आपल्याकडच्या रस्त्याच्या तुटक्या कडेत किंवा गटारात ती अडकली तर गाडी उलटायची, असे मला वाटते. चूक असेल तर सांगावे.

मला नेमके विचारायचे आहे ते असे. पाइपाचा व्यास आणि जाडी किती असावी? खाऱ्या हवेचा विचार करता साधे पोलाद घ्यावे की स्टेनलेस? दुकानदार स्टेनलेस अधिक मजबूत असल्याचे सांगतात, ते खरे आहे का? गार्ड असताना कूलंट आणि ऑइल बदलताना तो प्रत्येक वेळी उतरवावा लागतो का? घरच्यांचे म्हणणे असे की गार्ड असला म्हणजे पायही वाचतो, त्यावरही जाणकारांनी लिहावे. आणि या बसवणीवर आरटीओ किंवा विमा कंपनी हरकत घेते का? माझे बजेट दहा हजारांच्या आत आहे.

प्रतिसाद

आपण मार कुठे जातो असे विचारले आहे, तिथूनच सुरुवात करतो. गार्डाचे टोक बोल्टपासून जितके लांब, तितका बोल्टवर येणारा पीळ जास्त, कारण पीळ म्हणजे बल गुणिले अंतर. म्हणून अवाढव्य रुंद गार्ड हा अनेकदा केसिंगचे कान उखडणारा पहारीसारखा दांडा ठरतो. इंजिनाच्या बाजूच्या झाकणांपेक्षा थोडाच पुढे येणारा गार्ड पुरतो, कारण आडवी पडलेली गाडी गार्ड, फूटपेग आणि हँडलच्या टोकावर टेकते. पाहायचे ते इतकेच की प्रत्येक बाजू किमान तीन ठिकाणी धरलेली आहे का, आणि डावी-उजवी बाजू रेडिएटरखालून आडव्या नळीने जोडलेली आहे का. तशी जोडणी असली की एका बाजूचा मार दोन्हीकडच्या बोल्टांत वाटला जातो. नसली तर सगळा मार एकाच बाजूच्या कानांवर.

पाइपाचे गणित सोपे आहे. भिंतीची जाडी २ मिमीच ठेवून बाहेरचा व्यास २२ वरून २५ मिमी केला, तर वाकण्याला होणारा विरोध सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढतो आणि वजन सुमारे पंधरा टक्क्यांनी. त्यामुळे जाडीपेक्षा व्यास वाढवणे फायद्याचे. पण त्याच्याही पुढे जाऊन भक्कमपणाच्या मागे लागू नये. बोल्ट आणि कान यांच्या आधी पाइप वाकला पाहिजे. न वाकणारा गार्ड मी तरी माझ्या गाडीला लावणार नाही.

स्टेनलेसबद्दलचा समज अर्धाच खरा आहे. सर्वसाधारण ३०४ प्रतीचे स्टेनलेस ज्या ताणाला वाकू लागते, तो साध्या पोलादाहून फारसा वेगळा नाही. फायदा गंज न लागण्याचा. तोटा असा की एकदा वाकल्यावर ते त्या जागी कडक होते आणि सरळ करणे कठीण जाते. साध्या पोलादावरचे पावडर कोटिंग दगडाने उडाले की चिपळूणच्या हवेत तिथून गंज धरतोच, पण पावसाळ्याआधी ती जागा घासून रंग लावण्याची तयारी असेल तर मी साधे पोलादच निवडेन. स्टेनलेसचा गार्ड किंवा बोल्ट अॅल्युमिनियमला टेकत असेल तर ओलावा आणि मीठ यांमुळे अॅल्युमिनियम झिजते आणि बोल्ट आट्यांत जाम होतो. तिथे जाम न होऊ देणारे ग्रीस लावावे. मात्र ग्रीस लावलेल्या आट्यांवर कोरड्या आट्यांचा टॉर्क (आवळण्याचा ठरलेला जोर) दिला की बोल्ट जास्त ताणला जातो, हे मेकॅनिकला आठवण करून द्यावे. फाउंडेशन बोल्ट, म्हणजे इंजिन फ्रेमला धरणारे बोल्ट, एका वेळी एकच काढून बदलावा. सगळे सैल करून गार्ड 'बसतोय का' असे ओढून-ताणून बसवत असतील तर गाडी घेऊन सरळ निघून यावे.

फॅब्रिकेशनवाल्याबद्दल आक्षेप नाही, पण पुढच्या सस्पेन्शनची हालचाल २०० मिमी आहे. पूर्ण दबल्यावर मडगार्ड आणि पूर्ण वळवल्यावर हँडल गार्डाला लागणार नाही, हे कागदावर नव्हे, गाडीवर तपासून घ्यावे लागते. मोठ्या दिव्यांचे वजन गार्डावर टांगू नये. कंपनाने वेल्डिंग तिथेच तडकते. ऑइल-कूलंटचे म्हणाल तर ते काढून टाकण्याच्या दोन्ही प्लगांना पाना सरळ लागतो का, हे दुकानातच लावून बघा.

पायाबद्दल घरच्यांची समजूत घालावी लागेल. लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघातांची जागेवर पाहणी करून हॅरी हर्ट यांच्या गटाने १९८१ साली जो अहवाल दिला, त्यात क्रॅश बारमुळे (म्हणजे अशाच गार्डामुळे) घोटा आणि पाऊल यांच्या इजा कमी होतात, पण मांडी, गुडघा आणि नडगी यांच्या इजा वाढून तो फायदा फिटतो, असा निष्कर्ष आहे. अहवाल जुना आहे, गाड्याही वेगळ्या होत्या, तरीही गार्ड गाडीसाठी आणि बूट पायासाठी, असा हिशेब ठेवावा.

धागाकर्त्याचे उत्तर

सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. रुंद गार्ड यादीतून काढला आहे. गाडी वॉरंटीत असल्यामुळे कंपनीचा गार्ड आधी पाहतो. आडवी नळी नसेल तरच बाहेरचा.

कायद्याचा मुद्दा मात्र राहिला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि २०१७ मध्ये केंद्राने क्रॅश गार्ड व बुल बार (गाडीपुढे लावलेल्या धातूच्या दांड्या) यांविरुद्ध काढलेल्या सूचनेची चर्चा प्रामुख्याने चारचाकींबाबत झाली होती. दुचाकीच्या गार्डावरून कोणाला नाक्यावर अडवले आहे का? तसेच पॉलिसीत गार्डाची किंमत वेगळी नोंदवून हप्ता भरला असताना पडलेल्या गाडीचा दावा कोणी केला असेल, तर सर्वेक्षकाने गार्ड धरला की वगळला, तेही कृपया लिहावे.