शब्दचर्चा: भूजलाची ‘पातळी’ आणि भूजलाचा ‘साठा’

प्रश्न – ग्रेस उपग्रहांवरच्या दोन मराठी बातम्या वाचल्या, दोन्ही २००९ साली आलेल्या एकाच अभ्यासाबद्दल, राजस्थान-पंजाब-हरियाणा पट्ट्याच्या. एकीत म्हटलंय भूजलपातळी वर्षाला ४ सेंटीमीटर घसरली, दुसरीत ३३ सेंटीमीटर. आकडा कुठला खरा? आणि मुळात जमिनीखालचं पाणी आकाशातून दिसतं तरी कसं?

प्रतिसाद – दोन्ही आकडे खरे आहेत ताई, चूक पहिल्या बातमीतल्या ‘पातळी’ या शब्दाची आहे. ग्रेसला पाणी दिसत नाही, पाण्याचं वस्तुमान कळतं. नासा आणि जर्मनीची अवकाश संस्था डीएलआर यांनी मार्च २००२ मध्ये सोडलेले हे दोन जुळे उपग्रह, एकामागोमाग साधारण २२० किलोमीटर अंतराने फिरायचे. खाली कुठे वस्तुमान जास्त असलं की पुढचा आधी तिकडे ओढला जातो, दोघांतलं अंतर किंचित वाढतं, मग मागचाही ओढला जातो आणि अंतर परत कमी होतं. हा फरक ते मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचे. त्यावरून दर महिन्याला गुरुत्वाचा नकाशा बनतो, आणि महिन्यामहिन्यांत डोंगर काही हलत नाहीत, त्यामुळे जो बदल दिसतो तो बहुतेक पाण्याचा आणि बर्फाचा. हा बदल ‘पाण्याचा इतक्या सेंमीचा थर’ असा सांगतात, त्याला समतुल्य जलउंची म्हणता येईल. ४ सेंमी म्हणजे त्या सगळ्या प्रदेशावर पसरलेला तेवढा थर दरवर्षी नाहीसा झाला. ही ‘साठ्यातली’ घट.

आता ३३ सेंमी. वाळूने भरलेल्या बादलीत एक पेला पाणी ओता, रिकाम्या बादलीत चढलं असतं त्यापेक्षा पाणी कितीतरी वर चढतं कारण बरीच जागा वाळूनेच अडवलेली असते. जमिनीतही तसंच. तिथल्या गाळाच्या थरातून उपसता येणारं पाणी त्या अभ्यासात थराच्या आकारमानाच्या साधारण १२ टक्के धरलं होतं, म्हणून ४ सेंमी पाणी गेलं की विहिरीतली पातळी ३३ सेंमी उतरते. शेतकऱ्याला बोअर किती खोल न्यावी लागणार ते पातळी सांगते आणि एकूण किती पाणी गेलं ते साठा सांगतो, म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरूच नयेत.

प्रतिसाद – आपल्याकडे हा फरक अजून महत्त्वाचा. दख्खनच्या काळ्या कातळात हे प्रमाण जेमतेम १ ते ३ टक्के असतं, त्यामुळे विहिरीची पातळी मीटरभर उतरली तरी साठ्यातून गेलेलं पाणी दोनतीन सेंमीच्या थराएवढंच असू शकतं. मराठवाड्यातल्या विहिरी दिवाळीनंतर भराभर तळ गाठतात त्याचं एक कारण हेच, साठा मुळातच तुटपुंजा.

प्रश्न – मग ग्रेसच्या आकड्यावरून आमच्या तालुक्याचं काही कळेल का?

प्रतिसाद – नाही. त्याची नजर साधारण तीनचारशे किलोमीटरच्या पट्ट्यावर असते, तालुक्यासाठी विहिरीत टेप सोडूनच मोजावं लागतं. आणि अजून एक शब्द जपून वापरा, ‘भूजल’. उपग्रहाला एकूण पाणी कळतं, म्हणजे मातीतली ओल, नद्या, धरणं, बर्फ, भूजल सगळं एकत्र. मातीतली ओल वगैरे मॉडेलवरून वजा केल्यावर भूजल उरतं. २०१८ पासून ग्रेसची पुढची जोडी, ग्रेस फॉलो-ऑन, हे मोजतेय, तिच्याही आकड्यांना हेच लागू.

प्रतिसाद – ‘वजन’ की ‘वस्तुमान’ हे कोणी विचारण्याआधीच सांगते, वस्तुमानच लिहा. बाकी बातमीत वाक्य असं चालेल: ‘ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात या पट्ट्यातला भूजलसाठा सुमारे १०९ घन किलोमीटरने घटला, सगळ्या प्रदेशावर पसरला तर हा थर वर्षाला ४ सेंमी भरतो, आणि विहिरींची पातळी वर्षाला अंदाजे ३३ सेंमी खाली गेली.’ लांब झालं तरी असू द्या, दोन्ही आकडे आपापल्या शब्दासोबत राहतात.